सत्कार स्वीकारायला कुणीतरी हवं

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि धुलाईखान्याच्या टोकाला इस्त्रीची मोठी यंत्रं ओळीने बसवलेली होती. दोन तापलेल्या रुळांच्या मधून ओली चादर एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायची. बाहेर आलेली चादर पकडायची, झटकायची आणि घडी घालून गाड्यावर रचायची, हे धाकटीचं काम. दहा वर्षं ती हेच करत आली होती. वरच्या मजल्यांवरच्या डॉक्टरांना आणि नर्सना ती या जगात आहे याचा पत्ताही नव्हता. मुकादमबाई तिला 'चार नंबर' म्हणत, कारण ती चार नंबरच्या यंत्रावर होती. शेजारच्या यंत्रावरची बोलघेवडी बाई अर्थातच 'तीन नंबर'.

"अहो, एक दिवस मीच त्या रुळात गेले ना," ती नवऱ्याला म्हणायची, "तर घडी घालून वर पाठवून देतील मला. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

नवरा बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक होता. तो जेवणाच्या ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "चला, त्या निमित्ताने वरचे मजले तरी बघशील."

या देशात तिला विचारणारं कुणी नव्हतं, हे खरं. पण अभिमानाने छाती फुगावी अशी एक गोष्ट तिच्यापाशी होती, आणि ती म्हणजे तिची ताई.

ताई मागेच राहिली होती, सीमेपलीकडे, ज्या गावातून धाकटी नवऱ्याचा हात धरून निघून आली त्या गावात. तिथे पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला उजवून टाकायची घाई होई. नवरा तिशीचा असो की पन्नाशीचा, लग्न लागलं की पोरगी त्या घरची झाली. पुढे ती जगते की मरते याची चौकशी करायची पद्धत नव्हती. ताई शिंपीण. तिने शिवणवर्ग काढला होता. पुढच्या खोलीत बायका काजं-बटणं शिकत आणि मागच्या खोलीत सासरहून पळून आलेल्या पोरी राहत. त्यांच्या वयाचे दाखले मिळवायचे, न्यायालयात अर्ज टाकायचे, निकाल लागेपर्यंत त्यांना लपवायचं, असा ताईचा खरा उद्योग पंधरा वर्षं चालला होता. गावाला संशय होता, पण पुरावा कुणाकडे नव्हता.

एकदा चहाच्या सुट्टीत धाकटीच्या तोंडून हे निघून गेलं. तीन नंबरने डोळे विस्फारले. "आणि तू ही गोष्ट दहा वर्षं पोटात ठेवलीस? कमाल आहे बाई तुझी! माझी आत्या महिला मंडळात आहे, तिला सांगते."

"नको गं, कुठे बोलू नकोस."

"छे, मी कशाला बोलू?" तीन नंबर म्हणाली, आणि संध्याकाळी आत्याकडे गेली.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षा स्वतः धाकटीच्या घरी आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि सगळं शहर त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. बाई मनाने सोन्यासारख्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या गोष्टीत दुष्ट माणूस शोधायला गेलात तर सीमेच्या अलीकडे तरी तो हाती लागायचा नाही. अन्यायाची बातमी वाचून त्यांचा खरोखर घास अडकत असे. परदेशात जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या एका स्त्रीचा दरवर्षी सन्मान करायचा, ही प्रथा त्यांनीच मंडळात सुरू केली होती.

धाकटीने त्यांना घरातली एकुलती एक धड खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर अवघडून बसली.

"यंदाचा सन्मान तुझ्या ताईंना द्यायचं आमच्या मनात आहे," बाई म्हणाल्या. "घाबरू नकोस. नाव नाही, फोटो नाही, गावाचा उल्लेख नाही. आमचे कडक नियम आहेत. त्यांच्या केसालाही धक्का लागता कामा नये. फक्त त्यांची संमती हवी."

"ताईला विचारून सांगते," धाकटी म्हणाली. तिच्या घरी असं कुणी मोठं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. बाई गेल्यावर ती कितीतरी वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिली.

फोनवर उघड बोलायची सोय नव्हती. पलीकडे कोण ऐकत असेल याचा नेम नसे. धाकटीने आडवळणानेच विषय काढला. "ताई, इकडच्या काही बायकांना तुझं शिवणकाम फार आवडलंय. त्यांना तुझं कौतुक करायचंय."

ताई म्हणाली, "त्यांना म्हणावं, बरं वाटलं ऐकून. पण कौतुक मनातल्या मनात करा. मिरवू नका. काही म्हणता काही मिरवू नका. कळलं ना?"

"कळलं, ताई."

तिला खरंच कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर विचारलं, "काय म्हणाल्या ताई?" आणि धाकटीच्या तोंडून उत्तर आलं, "हो म्हणाली. फक्त नाव आणि फोटो नको म्हणाली."

असं का बोलली, हे तिने पुढे स्वतःला हजारदा विचारलं. मिरवायचं नाही म्हणजे नाव-फोटो द्यायचा नाही, दुसरं काय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण त्या समजुतीखाली जे होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. ती खुर्ची रिकामी राहू नये असं तिला वाटत होतं.

मंडळाने आपले नियम पाळले. पाळले म्हणजे अगदी डोळ्यांत तेल घालून पाळले. सन्मानपत्रावर कोणतं चित्र छापायचं यावर कार्यकारिणीची दोन तास चर्चा झाली. एक जण म्हणाली, पाठमोरा फोटो चालेल. दुसरी म्हणाली, पाठीवरूनही माणूस ओळखू येतं, माझ्या सासऱ्यांना मी शंभर पावलांवरून ओळखायची. मग नुसते हात छापावे असं निघालं. पण हातावर डाग, तीळ काही असला तर? शेवटी दुकानाच्या माहितीपुस्तकातून शिलाई यंत्राचं चित्र घ्यायचं ठरलं. ताईंच्या नावाऐवजी 'एक भगिनी' असे शब्द आले. कसं निगुतीने काम केलं म्हणून सगळ्यांनी एकमेकींची पाठ थोपटली.

आणि मग चिटणीसबाईंनी विचारलं, "पण सत्कार स्वीकारणार कोण?"

व्यासपीठावर अध्यक्षा असणार, पाहुणे असणार, फुलांचा गुच्छ असणार. तो गुच्छ कुणाच्या हातात द्यायचा? रिकाम्या खुर्चीत ठेवायचा तर शोकसभा वाटेल.

"अहो, धाकटी बहीण आहे की इथे!" बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

नियमांच्या कागदावर याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. सत्कार करायचा म्हणजे समोर कुणीतरी उभं हवंच, याबद्दल कुणालाच शंका आली नाही.

सत्काराच्या दिवशी, रविवारी सकाळी धाकटी आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात एकदा पाल चुकचुकली. दोघी बहिणी दिसायला एका छापाच्या. शाळेत मास्तर तिला ताईच्याच नावाने हाक मारत. पण बाहेर नवरा घाई करत होता, मुलीने कधी नव्हे ते आईचे केस विंचरून दिले होते, आणि मुकादमबाई स्वतः यायच्या होत्या. तिने पदर सारखा केला आणि ती निघाली.

सभागृह भरलं होतं. बाईंचं भाषण चांगलं झालं. धाकटी उभी राहून चार वाक्यं बोलली: "माझी ताई इथे येऊ शकत नाही. तिच्या वतीने मी हे घेते. ती पोरींना आसरा देते. तिला तुमचं कौतुक सांगेन." सगळं सभागृह उठून उभं राहिलं. नंतर रुग्णालयातले एक मोठे डॉक्टर तिच्याजवळ आले, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्या इथे काम करता? आम्हाला माहीतच नव्हतं." धाकटीला रडू आलं. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता, आणि हे लिहिताना हात जड होतो, पण खरं ते लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो आला. हातात गुच्छ घेतलेली धाकटी, आणि खाली ओळ: 'बालवधूंना आसरा देणाऱ्या परदेशातील भगिनीचा सन्मान स्वीकारताना त्यांची धाकटी बहीण'. नाव नाही, गाव नाही. नियमात चोख बसणारी ओळ.

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दुकानदार ताईच्याच गावचा. त्याने फोटो पाहिला आणि त्याचा ऊर भरून आला. आपल्या गावच्या पोरीला इथे मान मिळाला! त्याने पानाचा फोटो काढला आणि गावी भावाला पाठवला. भावाने मित्राला पाठवला. कुणाच्याच मनात काळंबेरं नव्हतं. चौथ्या दिवशी तो फोटो अशा एका माणसाच्या हातात पोचला, ज्याची सून पाच महिन्यांपासून घरातून नाहीशी झाली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, गाड्यावरच्या चादरींना टेकून धाकटी डबा खात होती. फोन वाजला. गावाकडून मधला भाऊ बोलत होता.

"फोटो कशाला काढू दिलास?"

"कुठला फोटो?"

"तुझा. फुलं धरून उभी आहेस तो. इथे बाजारात ज्याच्या त्याच्या फोनवर आहे."

"पण दादा, ताईचं नाव कुठेच नाही त्यात!"

"नावाला काय करायचंय? थोबाड एकच आहे तुमचं."

भाऊ सांगत गेला. सकाळी नऊ वाजता आले. दोन पोलीस आणि सासरची पंधरा-वीस माणसं. शिलाई यंत्रं रस्त्यावर फेकली. ताईला गाडीत घातलं. मुलं पळवण्याचा गुन्हा लावलाय म्हणे.

"आणि मागच्या खोलीतल्या पोरी?"

"तिघी होत्या. ज्याची त्याने नेली."

"अरे, म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते तुला कळतंय," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिघींतली एक पंधरा वर्षांची होती, एक चौदाची. तिसरी तेराचीही नव्हती. तिचा एक दुधाचा दात अजून पडायचा होता, आणि त्याची मौज ताईने मागे कधीतरी फोनवर आडवळणाने सांगितली होती. धाकटीला आता तेवढंच आठवत राहिलं. यंत्रं सुरू झाली, चादरी बाहेर येऊन जमिनीवर पडू लागल्या, आणि मुकादमबाई ओरडत आल्या तरी तिला ऐकू आलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी ताईला सोडलं, पण दारावर पहारा बसवून. भावाच्या फोनवरून ती एकदाच बोलली.

"ताई, मारलं का गं तुला?"

"ते राहू दे."

"ताई, मी त्या बायकांना तुझं बोलणं अर्धंच सांगितलं. मिरवू नका म्हणालीस, ते मी गिळलं. मला मोठेपणा हवा होता गं. मला माफ कर."

ताईचा आवाज पूर्वी खणखणीत असे. आता तो ओळखू येत नव्हता. "तुझं कधी कुणी कौतुक केलं नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मीसुद्धा केलं नाही. पण माफी मी कुठून देऊ? माझं काय गेलं? यंत्रं गेली. ज्यांचं गेलं त्या तिघी आहेत."

"त्यांचं काही कळलं?"

"दोघींचं कळलं. लहानीचं नाही." मग ती घाईने बोलली. "बाकीच्यांचं अजून कुणाला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. सांभाळ. आणि पुन्हा हा नंबर लावू नकोस."

बाकीच्या म्हणजे चौघी. कुठल्या घरी कोवळी सून आली ते सांगणारी सुईण, पोरीला तिकीट न फाडता मागच्या सीटवर बसवून आणणारी बसची कंडक्टर, वयाचा दाखला काढून देणारी शाळेतली मास्तरीण आणि अर्ज टंकणारी न्यायालयातली टायपिस्ट. चौघी धाकटीच्या बालपणीच्या ओळखीच्या, त्यांची घरं तिला डोळे मिटून सापडली असती.

मंडळात हाहाकार उडाला होता. बाई तीन दिवस जेवल्या नाहीत, असं म्हणत, आणि ते खरं होतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि ठराव मांडला: आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, ताईंचं नाव आणि फोटो घेऊन जाहीर निषेध करायचा, सगळ्या जगाला ओरडून सांगायचं.

धाकटी मागच्या बाकावरून उठली. "ताईला विचारल्याशिवाय काही करू नका," ती म्हणाली.

"विचारायचं कसं? फोन तर बंद आहे."

"मग विचारता येईल तोवर थांबा."

"आणि थांबलो, आणि तोवर त्यांचं काही बरंवाईट झालं तर?" बाईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

कदाचित ओरडल्याने ताई वाचली असती, कदाचित ओरडल्यानेच मेली असती. धाकटीने फक्त एवढंच सांगितलं, की आधीही ताईला धड विचारलं गेलं नव्हतं. ताईने मिरवू नका म्हणून बजावलं होतं आणि तो निरोप मी तुमच्यापर्यंत पोचवला नाही. दोष माझा आहे, पण तुम्हीही माझ्यावर विसंबलात, दुसऱ्यांदा विचारलं नाहीत.

मग कुणीतरी हळूच टाळी वाजवली. केवढं धाडस, भर सभेत आपली चूक कबूल करायची! एकीचं बघून दुसरीने, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होती, त्यांना तो तिचा विनय वाटला.

टाळ्या थांबल्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "ठीक आहे, ताईंचं नाव तूर्त राहू दे. पण एवढं मोठं काम त्या एकट्या थोड्याच करत असतील? त्यांच्या जोडीला आणखी बायका असणार. निदान त्यांच्यासाठी तरी आपण काही करू या. कोण आहेत त्या?"

साठ चेहरे धाकटीकडे वळले. सगळे कळवळ्याने भरलेले.

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली.

"कुणीच नाही?"

"ताई एकटीच होती."

एक निराशेची कुजबुज बाकांवरून फिरली. सभा संपल्यावर बाईंनी तिला दारात गाठलं. "माझ्यापाशी तरी सांग. माझ्या तोंडून बाहेर जायचं नाही."

बाई मनापासून बोलत होत्या, हे धाकटीला कळत होतं. किराणावालाही मनापासूनच वागला होता. "खरंच कुणी नाही, बाई," ती म्हणाली.

"आम्ही तुला आपली समजत होतो," बाई म्हणाल्या आणि वळल्या. त्यानंतर तिच्या घरी मंडळातलं कुणी आलं नाही.

लहानीचं काहीच कळलं नाही. ताईचा खटला लागला की नाही, तेही नाही. भावानेही नंबर बदलला. चादरी येत राहिल्या. मुकादमबाई पुन्हा तिला चार नंबर म्हणू लागल्या आणि डॉक्टर एकदा जिन्यात दिसले ते तिला न ओळखता वर गेले.

पुढच्या वर्षी एका दुपारी तीन नंबर एक छापील कागद घेऊन चहाच्या टेबलाशी बसली. मंडळाचा अर्ज होता. 'परदेशात धाडसी कार्य करणाऱ्या आपल्या परिचयातील भगिनीची माहिती कळवा. गुप्ततेची पूर्ण हमी.' खाली नाव, गाव, कार्याचं स्वरूप आणि नातेवाइकांचा पत्ता अशा रेघा आखलेल्या होत्या.

"माझी एक मावसबहीण आहे तिकडे," तीन नंबर उत्साहाने सांगू लागली. "तुरुंगातल्या बायकांची पत्रं बाहेर काढते. कुणाला सांगू नकोस हं."

"तिला विचारलंस का?" धाकटीने विचारलं.

"विचारलं तर ती नकोच म्हणणार ना!" तीन नंबर हसली आणि तिने पेनाचं टोपण काढलं.

धाकटीने हात पुढे केला आणि कागदावर, नावाच्या रेघेवर, पालथा ठेवला.

"अगं, हात काढ ना," तीन नंबर म्हणाली.

चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. यंत्रांकडून मुकादमबाईंची हाक आली, एकदा, दोनदा. तीन नंबर आता चिडली होती आणि कागद खालून ओढू पाहत होती. धाकटीने हात काढला नाही.